रॅम महागली, जुन्या गेमिंग कॉम्प्युटरात नेमकं काय बदलायचं?

बेळगाव : दिवाळीनंतर ज्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानात चौकशी केली असेल, त्यांना दुकानदाराचं एक वाक्य पाठ झालं असेल. ‘आजचा रेट आजच, उद्याचं सांगता येत नाही.’ सराफाच्या पेढीवर हे ऐकायची आपल्याला सवय आहे. रॅमच्या बाबतीत ती नव्हती. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात जी मेमरी कुणी फारशी घासाघीस न करता घ्यायचं, तिचा भाव वर्ष संपेपर्यंत दुपटीच्या पुढे गेला. आणि नेमकं याच काळात आपल्या भागातल्या घराघरातल्या सहा-आठ वर्षं जुन्या गेमिंग मशीनसमोर ‘आता काय करायचं’ हा प्रश्न येऊन उभा राहिला आहे.

प्रश्न आत्ताच का आला, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट बंद केला. त्याच ऑक्टोबरात एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकेच्या कार्डांसाठी नव्या गेमनुसार येणारे ड्रायव्हर थांबवले. २०१६ ते २०१९ या काळात आपल्याकडे जी मशीन जमवली गेली, त्यातली बहुतेक या दोन्ही याद्यांत सापडतात. म्हणजे सॉफ्टवेअरवाले म्हणतात बदला, आणि बाजार म्हणतो आत्ता बदलाल तर पस्तावाल.

माझ्या बहिणीच्या घरी, शहापुरात, असंच एक मशीन आहे. २०१८ च्या दिवाळीतलं. रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर४ रॅमची एकच स्टिक, जीटीएक्स १०६० चं ६ जीबी कार्ड, एक टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॅटचा एसएमपीएस. दिवसा त्यावर दाजींचं टॅली चालतं, साड्यांच्या दुकानाची बिलं निघतात, जीएसटीचे रिटर्न भरले जातात. रात्री नऊनंतर भाच्याचं राज्य. त्यामुळे तिथला वाद फक्त गेमचा नव्हता.

भाचा म्हणाला, “मामा, कार्डच बदलूया की. बाकी सगळं चालतंय.” दाजींचं म्हणणं वेगळं. “विंडोज बंद झालं म्हणतात. ह्याच्यात माझं बँकेचं सगळं आहे. ते बघा आधी.” दुकानदाराने तर दोघांच्या वरताण करून अख्ख्या नव्या मशीनचं ९२ हजारांचं कोटेशन हातात ठेवलं होतं. घरात बाजूला काढलेले पैसे होते चाळीस हजार, आणि तेही लग्नसराईच्या मालाचे.

आधी रॅमचं समजून घेऊ, कारण बाकीचा हिशेब त्यावर ठरतो. जगातली बहुतांश रॅम तीनच कंपन्या बनवतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी एचबीएम नावाची महागडी मेमरी याच कंपन्या बनवतात, आणि त्यात नफा कितीतरी जास्त आहे. १ ऑक्टोबर २०२५ ला ओपनएआयने सॅमसंग आणि एसके हायनिक्सबरोबर जी इरादापत्रं केली, त्यात महिन्याला नऊ लाख वेफरपर्यंतच्या मेमरीचं उद्दिष्ट ठेवलं आहे. ३ डिसेंबरला मायक्रॉनने जाहीर केलं, की ‘क्रूशियल’ या नावाने किरकोळ ग्राहकाला रॅम आणि एसएसडी विकणं आपण बंद करतोय, फेब्रुवारी २०२६ अखेरपर्यंतच माल जाईल. गंमत बघा, याच मायक्रॉनचा २७५ कोटी डॉलरचा मेमरी जोडणी आणि चाचणीचा प्रकल्प गुजरातेत साणंदला आहे. बडोद्याच्या वाचकांना तो तास-दोन तासांवर. पण म्हणून आपल्या गल्लीतल्या दुकानात रॅम स्वस्त होईल, असा त्याचा अर्थ नाही. कारखाना जवळ असला तरी गिऱ्हाईक दूरचं आणि मोठं आहे.

डीडीआर४ ही जुनी जात तरी स्वस्त राहील असं वाटत होतं. तसंही झालं नाही. कंपन्या तिचं उत्पादन आवरतं घेत होत्याच, त्यामुळे तिचा भाव आधीपासून चढायला लागला होता. फरक इतकाच, की डीडीआर४ आपल्या मशीनमध्ये आज बसलेली आहे आणि डीडीआर५ नवी विकत घ्यावी लागेल.

इथेच नव्या मशीनचं कोटेशन अडखळतं. एएमडीच्या नव्या एएम५ बोर्डावर फक्त डीडीआर५ चालते. इंटेलच्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या बोर्डांवरही तेच. म्हणजे ‘बोर्ड आणि प्रोसेसरच तेवढा बदलूया’ असं म्हटलं, की तिसरी वस्तू आपोआप बिलात येते, आणि आज तीच सगळ्यात फुगलेली आहे. शिवाय विंडोजचं लायसन्स सहसा मदरबोर्डाला बांधलेलं असतं. मशीनबरोबर आलेलं ओईएम लायसन्स नव्या बोर्डावर नेता येत नाही. ही रक्कम कोटेशनच्या कागदावर बहुतेक वेळा दिसतच नाही.

तर मग बदलायचं काय? याचं उत्तर दुकानात मिळत नाही, घरीच मिळतं आणि फुकट मिळतं. गेम चालू ठेवायचा, कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडायचा, त्यात परफॉर्मन्सचा टॅब. ग्राफिक्स कार्ड ९५ ते १०० टक्क्यांवर चिकटून बसलं असेल तर अडथळा कार्डाचा. कार्ड पन्नास-साठ टक्क्यांवर आळसावलेलं आणि प्रोसेसरचे एक-दोन कोअर मात्र पूर्ण भरलेले, तर अडथळा प्रोसेसरचा. नुसती प्रोसेसरची सरासरी बघू नका, ती फसवते. आलेखावर राइट क्लिक करून प्रत्येक कोअर वेगळा बघा. मेमरी काठोकाठ आणि डिस्क सतत १०० टक्के असेल, तर रॅम किंवा हार्ड डिस्क. खात्री करायची असेल तर गेमचं रिझोल्यूशन खाली आणा. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम तरीही वाढल्या नाहीत, तर कितीही महाग कार्ड घाला, त्या गेममध्ये फरक पडणार नाही.

हे मी फुकटात शिकलेलो नाही. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या सातव्या पिढीच्या आय५ मध्ये आम्ही हौसेनं नवं कार्ड बसवलं आणि त्याचा आवडता गेम होता तिथंच राहिला. मोजायला हवं होतं, मोजलं नाही. चूक माझीच.

शहापुरात मोजलं. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये कार्ड साठ टक्क्यांच्या आसपास, प्रोसेसरचे कोअर तुडुंब. आठपैकी साडेसात जीबी रॅम भरलेली, आणि नवीन नकाशा उघडला की हार्ड डिस्क शंभरावर. म्हणजे ज्या कार्डावर भाच्याचा राग होता, ते बिचारं निम्मा वेळ रिकामं बसलं होतं. बायोसमध्ये बघितलं तर रॅम सात वर्षं २१३३ च्याच वेगाने धावत होती. स्टिक ३००० ची. एक्सएमपी नावाची सेटिंग कुणी चालूच केली नव्हती. रायझनला रॅमचा वेग चांगलाच लागतो. ती सेटिंग चालू केली आणि मशीन सुरू झालं नाही, असंही कधी होतं. मग एक पायरी खाली यायचं. इथं २६६६ वर ते स्थिरावलं. पैसा खर्च न करता मिळालेली ही पहिली सुधारणा. दुसरी म्हणजे कॅबिनेट उघडून पंख्यातली तांबडी धूळ काढणं आणि प्रोसेसरवरची वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणं. बेळगावच्या मातीत राहायचं तर हे वर्षातून एकदा करावंच लागतं. गोव्यात धुळीऐवजी दमट हवेचा त्रास. तिथं पावसाळ्यानंतर रॅम काढून तिचे सोनेरी संपर्क खोडरबरने हलके पुसले, तरी बंद पडलेली बरीच मशीन उठतात.

आता दाजींच्या प्रश्नाकडे. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत एएमडीचा रायझन २००० मालिकेपासून पुढचा आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर बसतो. रायझन १६०० या यादीत नाही. काही दुकानांत ‘चालतं की हो’ म्हणून तपासणीला बगल देऊन विंडोज ११ घालून देतात. ते चालतंही, पण अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर बँकेचा पासवर्ड आणि जीएसटीचं लॉगिन आहे, तिथं हा व्यवहार मला पटत नाही. गेमवाल्यांनाही हे लांबचं नाही. व्हॅलोरंट विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय उघडत नाही. गेल्या ऑक्टोबरात आलेला बॅटलफिल्ड ६ सिक्युअर बूट मागतो.

घाई मात्र नाही. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेटची मुदतवाढ दिली आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू ठेवला, तर त्याला पैसे पडत नाहीत. नाहीतर ३० डॉलर. विंडोज अपडेटच्या पानावरच नोंदणीचा दुवा येतो. ज्यांच्याकडे आज पैसे नाहीत, त्यांनी एवढं तरी या आठवड्यात करून टाकावं.

बी४५० बोर्डाचं नशीब असं, की त्याच सॉकेटमध्ये बायोस अपडेट करून रायझन ५ ५६०० बसतो. तोही सहा कोअरचा आणि ६५ वॅटचाच, म्हणजे एसएमपीएसवर जादा भार नाही, खोक्यात पंखाही येतो. रॅम तीच, बोर्ड तोच, विंडोजचं लायसन्सही सहसा तसंच राहतं. २०१७-१८ चा बोर्ड २०२२ चा प्रोसेसर घेतो, हे इंटेलवाल्यांच्या वाट्याला आलं नाही. सातव्या पिढीच्या बोर्डाचा आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा सॉकेट दिसायला सारखा, नावालाही ११५१; पण एकाचा दुसऱ्यात चालत नाही. तुमच्याकडे सहावी-सातवी पिढी असेल तर बोर्ड बदलण्यावाचून गत्यंतर नाही. अशा वेळी बारावी ते चौदावी पिढी चालणारे जे बोर्ड डीडीआर४ घेतात, ते शोधा. आय५ १२४०० सारख्या प्रोसेसरबरोबर तुमची जुनी रॅम पुढे चालेल. ‘डीडीआर४ वाला बोर्ड पाहिजे’ असं दुकानात स्पष्ट सांगा, कारण त्याच नावाचे डीडीआर५ चे बोर्डही मिळतात.

कार्डाचा विषय मी मुद्दाम मागे ठेवला, कारण मोठा पैसा तिथंच जातो. जीटीएक्स १०६० ला नव्या गेमचे ड्रायव्हर मिळणार नाहीत, पण सुरक्षा अपडेट ऑक्टोबर २०२८ पर्यंत चालू राहणार आहेत. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जीटीए ५ खेळणाऱ्याचं आज काही अडत नाही. अडतं ते इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल किंवा डूम : द डार्क एजेस यांसारख्या गेममध्ये, त्यांना रे ट्रेसिंगची सोय असलेलं कार्डच लागतं. जीटीए ६ साठी आत्ताच कार्ड घेऊन ठेवणाऱ्या पोरांना एक आठवण : १९ नोव्हेंबर २०२६ ही जाहीर झालेली तारीख प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी आहे, पीसीसाठी नाही.

घ्यायचंच झालं तर जुन्या बोर्डाची एक बाब कुणी सांगत नाही. बी४५० वर पीसीआय एक्स्प्रेसची तिसरी पिढी आहे. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही कार्डं स्लॉटच्या सोळांपैकी आठच लेन वापरतात. नव्या बोर्डावर आठ लेन पुरतात. जुन्या बोर्डावर प्रत्येक लेनचा वेगच कमी, आणि कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की झटके बसायला लागतात. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी सोळा लेन वापरतं, म्हणून अशा बोर्डाला ते जास्त मानवतं. १६ जीबीचं परवडलं तर उत्तमच. इंटेलचं आर्क बी५८० कागदावर स्वस्त आणि १२ जीबीचं, पण जुन्या प्रोसेसरबरोबर ते फारच मागे पडतं. ५६०० च्या खालच्या मशीनला मी ते सुचवणार नाही.

किमतीचा आडाखा घरच्या घरी बांधता येतो. आरटीएक्स ५०६० ची अमेरिकेतली जाहीर किंमत २९९ डॉलर. डॉलर नव्वद रुपयांना धरला तर २६,९१०, त्यावर १८ टक्के जीएसटी मिळवला की ३१,७५० च्या आसपास. दुकानदार यापेक्षा बराच वर सांगत असेल तर का ते विचारा, आणि बराच खाली देत असेल तर जास्त जोरात विचारा.

शिवाय एसएमपीएस. ५०६० ला एनव्हिडिया ५५० वॅटची शिफारस करते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर ‘५०० वॅट’ लिहिलं असतं, तो आकडा मनावर घेऊ नका. १२ व्होल्टच्या रांगेत किती अँपिअर छापले आहेत ते बघा. सात-आठ वर्षांच्या साध्या एसएमपीएसवर तीस हजारांचं कार्ड लटकवणं म्हणजे जुन्या दोरीवर नवी बादली.

सेकंड हँडचा मार्ग आहे. आरटीएक्स ३०६० चं १२ जीबी कार्ड सोळा लेनचं असतं आणि जुन्या बोर्डावर नीट चालतं. मात्र सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झाल्यावर दिवसरात्र तापलेली बरीच कार्डं बाजारात उतरली. घ्यायचं तर चालू मशीनमध्ये, समोर अर्धा तास गेम चालवून बघून घ्या.

राहिला आपला सीमाभागाचा नेहमीचा प्रश्न : इथं घ्यायचं की कोल्हापूर गाठायचं? की थेट मुंबईचा लॅमिंग्टन रोड, बेंगळुरूचा एसपी रोड? जकात आणि व्हॅटच्या काळात राज्य ओलांडलं की भाव बदलायचा, त्या आठवणीवर आपण अजून हिशेब करतो. जीएसटी आल्यापासून कॉम्प्युटरच्या भागांवर कर्नाटकात, महाराष्ट्रात, गोव्यात, तेलंगणात १८ टक्केच. सप्टेंबर २०२५ च्या दरकपातीत ३२ इंचांपेक्षा मोठे मॉनिटर २८ वरून १८ वर आले, बाकीचे भाग होते तिथंच राहिले. म्हणजे फरक कराचा नाही; दुकानदाराच्या नफ्याचा आणि जुन्या साठ्याचा आहे. जुन्या भावाची रॅम ज्याच्या कपाटात शिल्लक, तो स्वस्त देईल, मग तो निपाणीत का असेना. दोन-अडीच हजार वाचवायला कोल्हापूरच्या दोन खेपा करायच्या, तर पेट्रोल आणि बुडालेला दिवसही वहीत लिहा.

वस्तू बिघडली तर परराज्यात कोण हेलपाटे घालणार, ही भीती मात्र खरी. तिथं कायदा आपल्या बाजूने आहे आणि तो फार कमी लोकांना ठाऊक आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथं राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. वस्तू मुंबईत घेतली तरी तक्रार बेळगावात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर सांगून बघा, पुष्कळदा तिथंच मिटतं. पण या सगळ्याला पक्कं बिल आणि त्यावर वस्तूचा सीरियल नंबर लागतो. ‘बिलाशिवाय अठरा टक्के कमी’ हा सौदा घेतलात, तर आयोगासमोर ठेवायला हातात कागद नाही. दाजींसारख्या नोंदणीकृत व्यापाऱ्याने दुकानाच्या कामासाठी घेतलेल्या भागांवर इनपुट क्रेडिट मिळू शकतं, तेही बिलावर जीएसटी क्रमांक असेल तरच. रात्रीचा वापर मात्र पोराचा, त्यामुळे किती हिस्सा दुकानाचा ते आपल्या करसल्लागाराला खरं सांगून ठरवावं.

शेवटी शहापुरात घेतलं ते असं. रायझन ५ ५६००, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, आणि एका ऑफिसच्या जुन्या मशीनमधून निघालेली ८ जीबीची डीडीआर४ स्टिक, म्हणजे रॅम १६ जीबी आणि दोन चॅनेलची. सगळं मिळून अठरा हजारांच्या आसपास. जुनी हार्ड डिस्क गेमच्या साठवणीला तशीच ठेवली.

आधी टॅलीचा डेटा दोन पेन ड्राइव्हवर घेतला. मग जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अपडेट केलं. हे आधी केलं नाही तर नवा प्रोसेसर बसवल्यावर पडदा काळाच राहतो. अपडेट चालू असताना वीज गेली तर बोर्डच जातो, आणि आपल्या वीजपुरवठ्याचा भरवसा काय सांगावा, म्हणून शेजारच्या दुकानातला यूपीएस उचलून आणला होता. ती पाच-सहा मिनिटं तिघंही पडद्याकडे बघत उभे होतो, बहीण चहा घेऊन दारात. नंतर एसएसडीवर विंडोज ११ ची नवी मांडणी, टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू.

काउंटर-स्ट्राइकमध्ये आता कार्ड ९७ टक्क्यांवर असतं. म्हणजे अडथळा आता खरोखर कार्डाचा आहे, हे भाच्यानेच मला फोनवर सांगितलं. दाजी म्हणाले, “बावीस हजार राहिलेत, ते मालाला जाऊ देत.” कार्डाचं दिवाळीला बघायचं ठरलंय. तोवर भाच्याने जुना १६०० प्रोसेसर विकायला काढलाय. आलेली रक्कम एसएमपीएसच्या नावाने बाजूला ठेवायची, असं त्याचं आईशी बोलणं झालं आहे.